कापड, लाकूड, पत्रा : १/४८ हरिकेन बारकाव्यांनिशी करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते पुण्यातच राहतात. आतापर्यंत प्लॅस्टिकच्या मॉडेल विमानांचे काही किट त्यांनी जोडले आहेत आणि आता दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेलं भारतीय हवाई दलाचं हॉकर हरिकेन हे लढाऊ विमान १/४८ मापात, म्हणजे खऱ्याच्या ४८ पट लहान, बारकाव्यांसकट करायचं आहे. जोडणी स्वच्छ होते, रंगही बरा बसतो, पण पूर्ण झाल्यावर विमान खेळण्यातलं वाटतं, असं ते म्हणतात. रेझिनचं ओतीव कॉकपिट, फोटो-एच (पातळ पत्र्यावर रसायनाने कोरलेले बारीक भाग), धातूच्या तोफनळ्या या सुट्या मिळणाऱ्या भागांतलं काय घ्यावं आणि पुण्याच्या हवेत एअरब्रशचं, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारण्याचं काम कसं जमवावं, हे त्यांना हवं आहे.

आधी काहीच घेऊ नका. स्वच्छ जोडलेलं मॉडेल खेळण्यातलं दिसतं, त्याला सुटे भाग कमी पडले हे कारण क्वचितच असतं. किटमध्ये सगळं एकाच प्लॅस्टिकचं असतं आणि आपण ते एकाच पद्धतीने घासतो, रंगवतो, मळवतो. खऱ्या हरिकेनमध्ये मात्र पत्रा होता, ताणून बसवलेलं कापड होतं, लाकूड होतं, रबर होतं. प्रत्येकावर ऊन वेगळं पडतं, प्रत्येक जण वेगळ्या तऱ्हेने झिजतो. हा फरक पृष्ठभागावर दिसला की साध्या किटमधलं विमानही खरं वाटतं. तो दिसला नाही, तर किटच्या किमतीइतके पैसे सुट्या भागांवर घालूनही हाती खेळणंच येतं. म्हणून माझ्या उत्तरातला मोठा भाग मूळ विमान कसं बांधलेलं होतं यावरच आहे.

हरिकेनचा आराखडा सिडनी कॅम यांचा. पहिलं उड्डाण ६ नोव्हेंबर १९३५ ला झालं. त्याच सुमाराला पूर्ण पत्र्याची, बाहेरच्या कवचानेच भार पेलणारी विमानं यायला लागली होती, पण हॉकर कंपनीने आपली जुनी, हातात बसलेली पद्धत सोडली नाही. पोलादी आणि ड्युरॅल्युमिनच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी चौकटी आणि लांबट पट्ट्या, आणि वरून डोप (कापड आक्रसून ताठ करणारं लॅकर) लावून ताणलेलं लिननचं कापड. इंजिनापासून कॉकपिटपर्यंत पत्रे, कॉकपिटमागचा थोडा भाग प्लायवुडचा आणि तिथून शेपटीपर्यंत कापड. सुरुवातीच्या विमानांचे पंखही कापडी होते, पुढे ते पत्र्याचे झाले. तुम्हाला लागणाऱ्या मार्क २ या पुढच्या आवृत्तीचे पंख पत्र्याचेच आहेत, पण त्यावरची एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी हलती पाती) कापडी, रडर आणि एलिव्हेटर (शेपटीची हलती पाती) कापडी, शेपटीचे स्थिर पंखही कापडी.

हे एका कागदावर काढा. विमानाचा वरून आणि बाजूने दिसणारा आराखडा घ्या, पत्र्याच्या जागा एका रंगाने, कापडाच्या दुसऱ्या, लाकडाच्या तिसऱ्या रंगाने भरा आणि तो कागद कामाच्या टेबलासमोर चिकटवा. पुढचे सगळे निर्णय त्या कागदावरून घ्यायचे आहेत.

आता विमान निवडायचं. 'भारतीय हवाई दलाचं हरिकेन' एवढं पुरेसं नाही. एक स्क्वाड्रन, एक सिरियल नंबर, शक्य झालं तर एक फोटो हवा. आपल्याकडे हरिकेन म्हटलं की बहुतेक जण १९४० मधलं इंग्लंडवरचं विमान करतात, कारण किटमध्ये डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) त्याचेच असतात. तुम्ही ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचं करायचं म्हणताय याचा मला मनापासून आनंद आहे. १९४४ मध्ये इम्फाळला वेढा पडला तेव्हा स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांची १ नंबर स्क्वाड्रन तिथून हरिकेन उडवत होती, त्यासाठी त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं. आराकानात स्क्वाड्रन लीडर मेहर सिंग यांची ६ नंबर स्क्वाड्रन टेहळणीचं काम करत होती. तिला ब्रह्मदेशात लढणाऱ्या चौदाव्या सैन्याचे डोळे म्हणत. मेहर सिंग यांना डीएसओ हे पदक मिळालं. या विमानांची कामगिरी जेवढी मोठी, तेवढी त्यांची मॉडेल्स कमी आहेत.

एकदा विमान ठरलं की किट त्याच्याशी जुळतो का ते बघा. मार्क २-बीच्या पंखात बारा मशीनगन असत, मार्क २-सीवर २० मिलिमीटरच्या चार तोफा. पूर्वेकडच्या काही विमानांतून वजन वाचवायला दोन तोफा काढलेल्या होत्या. टेहळणीच्या विमानात कॅमेरे बसवलेले असत. नाकाखाली धुळीसाठीचा मोठा व्होक्स फिल्टर आहे की नाही, हे तर लांबूनही कळतं आणि विमानाचा चेहराच बदलतं. पोलंडच्या आर्मा हॉबीचा १/४८ मधला २-सी सध्या माझ्या मते सगळ्यात चांगला आहे, कापडाचा भाग त्यांनी फार समजून केलाय. हासेगावाचा जुना किट मिळाला तर तोही उत्तम बसतो. फोटोसाठी इंपीरियल वॉर म्युझियमचा संग्रह चाळा. दिल्लीला जाणं झालं तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात खरं हरिकेन आहे. त्याच्या शेपटीकडच्या भागाजवळ तिरक्या उजेडात उभं राहून कापडाखालच्या पट्ट्या कशा उमटतात ते डोळ्यांत साठवून घ्या.

मापाचं गणित एकदा मनात बसवून घ्या. १/४८ मध्ये तुमचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे ४८ मिलिमीटर. हरिकेनच्या पंखांचा विस्तार १२.१९ मीटर, म्हणजे मॉडेलवर २५.४ सेंटिमीटर. आता दोन पत्र्यांमधली रेघ घ्या. ती तुम्ही ०.२ मिलिमीटर रुंद कोरलीत, तर खऱ्या विमानावर जवळजवळ एक सेंटिमीटरची फट झाली. इतकी फट असलेलं विमान कुठलाही मेकॅनिक उडू देणार नाही. म्हणजे रेघा आधीच जाड आहेत, त्यांत काळा वॉश (रेघांत उतरणारा पातळ रंग) भरून त्या आणखी ठळक करू नका. कॅमोफ्लाजच्या दोन रंगांमधली कडाही तशीच. खऱ्या विमानावर ती दोन-तीन सेंटिमीटर मऊ असेल, तर तुमच्याकडे ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. ज्यांनी कर्वे रस्त्यावरचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. तिथे गाडी, रस्ता, माणसं सगळी एका मापाला धरून आहेत, म्हणून नजर त्या शहरात शिरते. एक गोष्ट मापाबाहेर गेली की नजर तिथेच अडते.

कापडाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हरिकेन तिथेच बिघडतं. बरेच किट कापड दोन पट्ट्यांमध्ये खोलगट, लोंबल्यासारखं दाखवतात. डोप लावलेलं लिनन सुकताना आक्रसतं आणि ताठ बसतं, बोट मारलं तर ढोलकीसारखं वाजावं इतकं. म्हणून पट्ट्यांचे कंगोरे दिसतील, पण मधे खड्डे नकोत. किटमधले कंगोरे फार उठावदार असतील तर १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. आडवा फिरवू नका. जाडसर प्रायमरचा एक हात दिला की उरलेले खड्डे भरतात, मग पुन्हा १५०० नंबरने घासा. पत्र्याच्या भागावर मात्र कडा धारदार राहू द्या. जिथे पत्रा संपून कापड सुरू होतं ती सीमा स्पष्ट दिसली पाहिजे.

धडाचे दोन अर्धे जोडल्यावर पाठीवर आणि पोटावर जोड येतो. तो पुट्टीने भरून सपाट केला की तिथले कंगोरे जातात आणि विमानाच्या पाठीवर एक गुळगुळीत पट्टा दिसू लागतो. स्प्रू (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात तो प्लॅस्टिकचा दांडा) मेणबत्तीच्या आचेवर तापवून ओढला की केसासारखा धागा मिळतो. तो गेलेल्या कंगोऱ्याच्या रेषेत ठेवून पातळ सिमेंटचा थेंब टेकवा, सुकल्यावर घासून शेजारच्या कंगोऱ्याच्या उंचीला आणा. वेळखाऊ आहे, पण मॉडेल बघणाऱ्याची पहिली नजर पाठीवरच जाते.

कॉकपिटकडे वळू. हरिकेनच्या कॉकपिटला जमीन नाही. पायलटच्या पायांखाली टाचा टेकवायला दोन लांबट फळ्या आहेत, बाकी खाली नळ्या, केबल आणि अंधार. अनेक जण रेझिनचा महाग सेट आणतात आणि तो अंधार विसरून सगळं एकसारखं उजळ रंगवतात. खालचा भाग काळपट ठेवा, वर येताना रंग उजळत आणा. बाजूचे पत्रे राखाडी-हिरवे आणि सांगाड्याच्या नळ्या रुपेरी ठेवल्या की खोली आपोआप येते. किटमध्ये नळ्या नसतील तर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून वेगवेगळ्या जाडीची तांब्याची तार आणा. सर्किट बोर्डला भोकं पाडायची अर्धा मिलिमीटर आणि त्याहून बारीक ड्रिल बिट्सही तिथेच मिळतात. चिमटे, बारीक कानशी, हाताने फिरवायचं ड्रिल यांसाठी सोन्या मारुती चौकाच्या आसपास सराफी हत्यारांची चौकशी करा. छंदाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या परदेशी हत्यारांपेक्षा ती स्वस्त असतात आणि टिकतात.

कॉकपिटसाठी काही विकत घ्यायचंच असेल तर सीटबेल्ट आणि डायलचा पॅनल घ्या, एवढंच. बंद कॅनोपीतून, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणातून, नजर तिथवरच पोचते. सीटबेल्ट किंचित वळवा, पट्ट्याची सावली सीटवर पडली पाहिजे. ब्रिटिश लढाऊ विमानांच्या नियंत्रण दांड्याला वर गोल कडं असे आणि वरचा अर्धा भागच डावी-उजवीकडे झुके. दांडा मधेच एका बाजूला वाकलेला दाखवला तर एलेरॉनही त्याप्रमाणे एक वर, एक खाली हवीत. उभ्या विमानाचं एलिव्हेटर बहुधा खाली झुकलेलं असतं. किटमध्ये हे सगळं सरळ रेषेत ओतलेलं येतं. ती पाती ब्लेडने हलकेच कापून थोडी झुकवलीत, तर कुठल्याही सुट्या भागापेक्षा जास्त फरक पडतो, आणि खर्च शून्य.

जोडणीबद्दल फार सांगत नाही, तुमची जोडणी स्वच्छ आहेच. एक तेवढं बघा. हरिकेनच्या पंखाचा मधला भाग सपाट असतो, वरचा कल बाहेरच्या भागापासून सुरू होतो. गोंद ओला असताना समोरून बघून दोन्ही टोकांची उंची टेबलापासून पट्टीने मोजा. मधल्या भागाखालची चाकांची खोली दोन्ही चाकांसाठी एकच, मोकळी आहे. आत नळ्या दिसतात, तिथे दोन-चार तारा घालणं सार्थकी लागतं, कारण विमान उलटं करून बघणारे खूप असतात. कॅनोपी मात्र फेविक्विकने कधीही चिकटवू नका, त्याच्या वाफेने पारदर्शक भाग पांढरट होतो. पांढरा फेविकॉल सुईच्या टोकावर घेऊन लावा, सुकला की दिसत नाही.

आता पुण्याची हवा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका ओलावा असतो की लॅकर मारल्यावर त्यावर पांढरं धुकं धरतं, आणि कॉम्प्रेसरच्या नळीत साठलेलं पाणी ऐन पंखावर थेंब होऊन उडतं. मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) नसलेला कॉम्प्रेसर इथे घेऊच नका. टाकी असलेला घ्या, हवेचा दाब एकसारखा राहतो. एप्रिल-मे मध्ये उलटं होतं. दुपारी रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत लागतो. त्या दिवसांत पहाटे रंगवा किंवा रंगात रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घाला. माझा सल्ला असा, की पावसाळ्यात कॉकपिट, घासकाम आणि तारकाम उरकावं आणि मुख्य रंग दसऱ्यानंतर हाती घ्यावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्यात एअरब्रशसाठी याहून चांगली हवा मागू नये. पेठांतल्या जुन्या वाड्यांत राहत असाल तर धुळीसाठी खोली आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि सुकताना मॉडेलवर डबा पालथा घाला. खिडकी उघडी आणि तोंडावर वाफा शोषणारा कार्ट्रिजचा मास्क हवा. कापडी मास्क लॅकरच्या वाफेला काहीही अडवत नाही.

एअरब्रशची सुई-नोझल ०.३ मिलिमीटर, दाब १५ ते २० पीएसआय, रंग दुधाइतका पातळ. तामियाचे ॲक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातळ होतात, वायेहोचे त्याच अल्कोहोलने फाटतात, त्यांना त्यांचंच थिनर लागतं. परदेशातून विमानाने ज्वलनशील रंग मागवणं अवघड आहे, तेव्हा जे इथे नियमित मिळतं त्या एकाच प्रकारावर हात बसवा. हात कसा चालवायचा हे शिकायचं असेल तर गणपतीच्या आधीच्या महिन्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यासारख्या ठिकाणी मूर्ती रंगवताना बघा. मुरलेला कारागीर हात आधी हलवायला लागतो, रंग नंतर सोडतो, आणि रंग थांबवल्यावरच हात थांबवतो. गालाची, पोटाची छटा तो एका फटक्यात आणत नाही, पातळ थरांवर थर देत जातो. विमानावरही हीच पद्धत.

रंगसंगती साधारण अशी : वर गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खाली मध्यम समुद्री राखाडी. पूर्वेकडच्या हरिकेनवर हा मेळ खूप दिसतो, तरी तुमच्या फोटोशी ताडून घ्या. डबीतला रंग थेट लावू नका, त्यात थोडा फिकट राखाडी किंवा पिवळसर रंग मिसळा. लांबून दिसणारी वस्तू नेहमी किंचित फिकी दिसते आणि मॉडेल आपण लांबून बघितलेल्या विमानासारखंच बघत असतो. मग तुमचा टेबलासमोरचा कागद बघा. पत्र्याच्या भागावर एकेका पॅनलच्या मध्यावर किंचित उजळ थर द्या. कापडाच्या भागावर पॅनल नाहीतच, तिथे उजळ थर कंगोऱ्यांच्या दिशेने लांबट द्या आणि एकूण छटा जराशी जास्त मंद ठेवा. एलेरॉन आणि रडर पंखाच्या रंगापेक्षा अगदी थोडे वेगळे दिसले, की बघणाऱ्याला कारण कळणार नाही, पण तिथे काहीतरी वेगळ्या जातीचं आहे हे जाणवेल.

कॅनोपीच्या चौकटींमधली काच टेपने झाकून (मास्क करून) आधी कॉकपिटच्या आतला राखाडी-हिरवा रंग मारा आणि त्यावर बाहेरचा. आतून बघताना योग्य रंग दिसतो. हरिकेनच्या सरकत्या कॅनोपीला चौकटी फार आहेत, त्यासाठी तयार कापलेले मास्क विकत घेणं मला योग्य वाटतं.

चिन्हांच्या बाबतीत ब्रह्मदेशाच्या आघाडीचा इतिहास थेट रंगात उतरतो. जपानी विमानांवर लाल गोळा असे, म्हणून गोंधळ टाळायला १९४३ मध्ये तिथल्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरच्या वर्तुळांतला लाल काढला. राहिलं गडद निळं कडं आणि आत फिकट निळा. शुभ्र पांढरा जंगलावरून फार उठून दिसे. जुन्या कृष्णधवल फोटोत हा फिकट निळा पांढराच भासतो, त्याला फसू नका. शेपटीवरच्या उभ्या पट्ट्यांतूनही लाल गेला. ही वर्तुळं बरीच लहान केलेली असत. १६ इंची वर्तुळ तुमच्या मापात साडेआठ मिलिमीटरचं होतं. इतकी साधी दोनरंगी वर्तुळं डिकॅलऐवजी रंगवूनच घ्या. आधी फिकट निळ्याचा पूर्ण गोल मारा, मग मध्यावर कंपास कटरने कापलेला मास्किंग टेपचा लहान गोल बसवा आणि बाहेरचा गडद निळा द्या. रंगवलेलं चिन्ह कंगोऱ्यांवर जसं बसतं तसा डिकॅल सहसा बसत नाही. सिरियल नंबर आठ इंची, म्हणजे साधारण ४.२ मिलिमीटर उंच. त्यासाठी डिकॅलच बरा. खाली ग्लॉस क्लिअर कोट (चकचकीत पारदर्शक थर) द्या आणि डिकॅल मऊ करणारं द्रव्य दोन-तीनदा लावून तो कापडाच्या चढउतारांवर पूर्ण बसू द्या. आणि १९४४ चं विमान असेल तर त्याच्या पाटीवर हवाई दलाच्या नावाआधी 'रॉयल' लिहू नका, ती उपाधी मार्च १९४५ मध्ये मिळाली.

मळवण्याचं काम सगळ्यांना आवडतं आणि तिथेच सगळ्यात जास्त खोटं केलं जातं. सगळ्या कडांवर स्पंजने रुपेरी ठिपके मारलेलं हरिकेन मी प्रदर्शनांतून अनेकदा पाहतो. कापडाचा रंग उडाल्यावर खालून चकचकीत पत्रा कसा दिसेल? कापड फाटतं, त्यावर चौकोनी ठिगळ लावून डोप मारतात, ठिगळाचा रंग जरा ताजा दिसतो. असं एखादं ठिगळ शेपटीकडे दाखवा, टिश्यू पेपरचा बारीक तुकडा क्लिअर कोटमध्ये बुडवून बसवला की पुरे. प्रोपेलरचंही तेच. मार्क २ च्या बहुतेक विमानांवर रोटॉलचा, दाबलेल्या लाकडाच्या पात्यांचा प्रोपेलर होता. त्याच्या पात्यांच्या टोकाला ॲल्युमिनियम चमकवणं म्हणजे विमान माहीत नसल्याची कबुली. पातं झिजलेलं दाखवायचं तर रंग मंद करा, कडेला धुरकट तपकिरी द्या.

पत्रा मात्र खरोखर झिजतो, पण ठरावीक जागी. पायलट हरिकेनमध्ये डावीकडून चढतो, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी बुटांच्या खुणा जास्त. तोफांना दारूगोळा भरायला पंखावरची झाकणं रोज उघडत, त्यांच्या स्क्रूभोवती ओरखडे असतात. इंजिनाची झाकणं सतत काढली जात, त्यांच्या कडा झिजतात. एवढ्या तीन जागी बारीक ब्रशने, मोजकं काम करा आणि ब्रश खाली ठेवा. हरिकेनच्या मर्लिन इंजिनाचा धूर दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांतून बाहेर पडून धडाच्या बाजूने मागे जातो. त्याचा डाग मधे करडा-तपकिरी आणि कडेला काळपट असतो, निव्वळ काळा पट्टा नसतो. एअरब्रशमध्ये अगदी पातळ तपकिरी-काळा घेऊन पुढून मागे हलके फटके मारा. पोटाखाली तेलाचे ओघळ हवेत, तेही पुढून मागे.

वॉशसाठी परदेशी बाटल्यांची गरज नाही. कॅमलच्या बर्न्ट अंबर तैलरंगात थोडा पांढरा मिसळून टर्पेंटाइनमध्ये पातळ केला की पत्र्याच्या रेघांसाठी उत्तम वॉश होतो. फक्त खाली क्लिअर कोट पूर्ण सुकलेला असू द्या आणि टर्पेंटाइन एका जागी साचू देऊ नका, प्लॅस्टिकला तडे जातात. कापडाच्या भागावर वॉश जवळजवळ नकोच, तिथे त्याच तैलरंगाचा ठिपका ठेवून कोरड्या ब्रशने वरून खाली ओढा. धुळीसाठी अप्पा बळवंत चौकात मिळणारे सॉफ्ट पेस्टल खडू ब्लेडने किसून वापरा. रंग ठरवताना पुण्याच्या टेकड्यांवरचा मुरूम डोळ्यासमोर आणू नका, तुमच्या विमानाची धावपट्टी कुठली आणि महिना कोणता ते बघा. उन्हाळ्यात कच्च्या पट्टीवरची धूळ चाकांच्या खोलीत आणि फ्लॅपखाली बसते. पावसाळ्यात चिखल चाकांवरून उडून पंखाच्या पोटावर मागच्या दिशेने जातो. घोरपडीच्या दक्षिण कमांड युद्धस्मारकात मिग-२३ ठेवलेलं आहे, पण तिथली धूळ-पावसाची झीज उभ्या विमानाची आहे. ओघळ तिथे सरळ खाली येतात. उडणाऱ्या विमानाचे ओघळ हवेच्या दिशेने मागे जातात. दोन्हींतला फरक समजायला ते बघून या.

शेवटी सगळ्यावर मॅट क्लिअर कोट द्या. कापडाच्या भागावर पूर्ण मॅट, पत्र्यावर त्याच कोटात थोडं ग्लॉस मिसळून. हा फरक फोटोत क्वचित दिसतो, हातात घेऊन उजेडात फिरवलं की दिसतो. टायर खालून अगदी किंचित घासून सपाट करा. एरियलची तार फोटोत असेल तरच लावा, आणि लावलीत तर ओढलेला स्प्रू किंवा लवचीक धागाच वापरा. पुण्यात उघड्यावर ठेवलेलं मॉडेल एका उन्हाळ्यात धुळीने भरतं आणि ब्रशने धूळ झटकताना एरियल आणि तोफनळ्याच आधी तुटतात. म्हणून ॲक्रिलिकची पेटी करून घ्या. पंख २५.४ आणि लांबी साडेवीस सेंटिमीटर, म्हणजे आतून ३० बाय २६ ची पेटी आणि उंची १५ पुरते. पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नका, डिकॅल पिवळे पडतात.